बाप्तिस्म्याआधीचा बुधवार

मला प्रार्थना छान करता येते. फुशारकी नाही ही, आमच्या मंडळीत कुणालाही विचारा. कुणाचं ऑपरेशन असो, कुणाच्या मुलाची बारावी असो, कुणाकडे नवीन फ्रिज आलेला असो, पाळकसाहेब इकडेतिकडे बघतात आणि म्हणतात, "बाई करतील." तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं की जिभेला वळण लागतंच. डोळे मिटले की मला शब्द सुचत जातात. मग कुणीतरी मुसमुसायला लागतं, आणि ते ऐकू आलं की मी आणखी लांबवते. हा दोष मला ठाऊक होता. पण ज्या दोषाचं कौतुक होतं तो सोडतो कोण?

निवृत्त झाले आणि पाळकबाईंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नीने, मला त्यांच्या सेवाकार्यात ओढलं. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला एक गल्ली फुटते. तिथे आठ-दहा बायका खोल्या घेऊन राहायच्या. त्या काय धंदा करतात हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि विचारलं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना त्यातून बाहेर काढायचं, निदान एकीला तरी, असा पाळकबाईंनी चंग बांधला होता.

आम्ही जायचो ते मासेमारीच्या बंदीत. पावसाळ्यात ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, खलाशी आपापल्या गावी जातात, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जाळी दुरुस्त करणारे तेवढे उरतात. गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर त्या गल्लीतल्या चुली विझत. आम्ही नेमक्या तेव्हा तांदूळ, डाळ आणि तेलाच्या पिशव्या घेऊन हजर. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. आमचा सगळा भरवसा त्यावर होता, फक्त आम्ही त्याला 'दार उघडणं' म्हणायचो. पिशवीत मंडळीचं कॅलेंडरही असायचं, जानेवारीत उरलेलं. त्याच्या तळाला संपर्कासाठी माझा मोबाईल नंबर छापलेला होता, कारण पाळकबाईंचा फोन कधी लागत नाही.

"बाई, अर्धा वरीस गेला की ओ," एक जण ते उलगडून म्हणाली, "तुमच्या देवाकडं पण उरलासुरलाच माल दिसतो." सगळ्या हसल्या. पाळकबाईही हसल्या, ख्रिस्ती माणसाने हसायचं असतं तितपत. मला राग आला होता. फुकट खायचं आणि वर चेष्टा करायची, असं मनात आलं. ते मी तेव्हा प्रार्थनेत कबूल केलं नाही.

त्या हसणाऱ्यांत ती नव्हती. ती दाराशी बसून तांदूळ निवडत होती, आमचेच. चाळिशीला आलेली, अंगाने बारकी, डोक्यावरून पदर. जाताना ती मागून आली आणि हळूच म्हणाली, "बाई, परीक्षेसाठी तुमचा देव चालतो काय?"

तिची मुलगी होती, अठरा वर्षांची. नवरा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. मुलगी सहा वर्षांची असताना तिने तिला आतल्या गावात भावाकडे ठेवलं आणि स्वतः रत्नागिरीत मासळीच्या कंपनीत कोळंबी सोलायला आली. कंपनीतून ह्या खोलीत ती कशी पोचली ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गावाच्या लेखी ती अजून कंपनीतच होती, दर महिन्याला भावाकडे पैसे पाठवायची. गणपतीला आणि शिमग्याला ती घरी जायची, चार दिवस राहायची, येताना रडायची. मुलीला नर्स व्हायचं होतं, त्याची प्रवेश परीक्षा जवळ आली होती आणि बारावीचे गुण बेताचे होते.

आमच्याकडे रीत अशी की प्रार्थना मोघम करायची नाही. एक कागद असतो, त्यावर विनंती लिहायची. कुणासाठी, कशासाठी, राहणार कुठे. तिला सहीपुरती अक्षरं येत होती म्हणून मीच लिहून घेतलं. गाव, वाडी, भावाचं नाव, घराची खूण. तिने सांगितलं आणि मग माझं मनगट धरलं.

"बाई, येकच सांगतंय. माज्या गावात माजं नाव घेऊ नका. पोरीला काय कळता कामा नये. बाकी तुमी सांगाल तां मी करीन."

"देवाशपथ नाही घेणार," मी म्हटलं. आम्हांला शपथ घ्यायची मनाई आहे, तरी घेतली.

मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, पुढच्या जूनचा. त्यात माझ्या प्रार्थनेचा वाटा किती आणि तिच्या अभ्यासाचा किती ते देव जाणे, पण ती दर रविवारी उपासनेला येऊन मागच्या बाकावर बसायला लागली. बंदी उठली, बोटी गेल्या-आल्या, तिचा धंदा चालूच राहिला. पाळकबाई म्हणायच्या, "जवळ आली आहे, फक्त एक धक्का हवा."

तो धक्का आम्ही नाताळात दिला. नाताळच्या आधीचा आठवडा आम्ही घरोघर गाणी म्हणत फिरतो, करंज्या देतो, कॅलेंडर देतो आणि त्या घरासाठी प्रार्थना करून निघतो. पाळकबाईंच्या मनात आलं की तिच्या मुलीच्या घरी जावं. तिला न सांगता. तिला किती आनंद होईल! पत्ता माझ्या कागदावर होताच. मी एकदा म्हटलं, "तिने गावात नाव घेऊ नका म्हटलंय." पाळकबाई म्हणाल्या, "मग नाही घ्यायचं. तिच्या कंपनीतल्या ओळखीच्या म्हणून सांगू." मला ते पटलं. खोटं बोलायचं ठरलं होतं तेही मला पटलं, ह्याचं मला आता हसू येतं.

पाच जण गाडीने गेलो. चिऱ्याचं चांगलं घर होतं, पुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. भाऊ चिरेखाणीवर मुकादम होता. माणूस अबोल, पण रीतीचा. त्याने खुर्च्या मांडल्या, बायकोला चहा ठेवायला सांगितला. ढोलकी वाजली तशी वाडीतली वीसपंचवीस माणसं खळ्यात जमली. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आईची लाडकी असणार, आमच्याकडे बघताना तिचा चेहरा फुलला होता. आम्ही तीन गाणी म्हटली. करंज्या वाटल्या. चहा झाला. मग पाळकबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाई करतील."

मी डोळे मिटले.

आमच्यात देवाशी बोलताना आडपडदा ठेवत नाहीत. त्याला सगळं माहीतच असतं, मग त्याच्यापुढे खोटं कशाला? कंपनीतल्या ओळखीचं खोटं मी माणसांशी बोलू शकत होते, प्रार्थनेत नाही. आणि मोठ्याने केलेली प्रार्थना समोरची माणसंही ऐकतात, हे डोळे मिटलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही. माझ्या तर नाहीच राहिलं. मी तिचं नाव घेतलं नाही. ह्या घराची लेक, असं म्हटलं. ती बंदराजवळच्या खोलीत आपलं शरीर विकत होती, तिला तू हात धरून बाहेर आणतो आहेस प्रभू, असं म्हटलं. तिच्या पापाच्या कमाईवर हे घर उभं राहिलं तरी तू ह्या घरावर रागावू नकोस, असंही म्हटलं. कुठलासा हुंदका ऐकू आला, म्हणून मी आणखी लांबवलं.

डोळे उघडले तेव्हा खळ्यात कुणी हलत नव्हतं. भाऊ चहाचे रिकामे कप ठेवलेला ट्रे घेऊन उभा होता. दाराच्या चौकटीत मुलगी नव्हती. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "तरी मी म्हनत व्हतंय." आम्ही कॅलेंडर दिलं, ते भावाच्या बायकोने खाली बघत घेतलं.

परतताना गाडीत सगळे गात होते. पाळकबाई म्हणाल्या, "बीज पेरलं गेलं." काहीतरी चुकलंय हे मला कळत होतं, पण प्रार्थना छान झाली होती, तेही कळत होतं.

दोन दिवसांनी भाऊ रत्नागिरीला आला. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, आत पाऊल टाकलं नाही. बहिणीला बोलावून घेऊन त्याने एवढंच सांगितलं की पोर तुझं तोंड बघणार नाही म्हणाली, नर्सिंगबिर्सिंग काही नाही, आणि ह्यापुढे शिमग्याला येऊ नकोस. ती तशीच चालत माझ्या घरी आली. मी दार उघडलं. मला वाटलं, मारते आता. मारायलाच हवं होतं.

"तुमी कशाला गेलात गो बाय?" ती म्हणाली. एवढंच. दोन-तीनदा तेच. मग माझ्या दारातच खाली बसली आणि अशी रडली की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. मी तिला पाणी दिलं आणि सांगितलं की देव एक दार बंद करतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असतं. असं काही बोलायला जीभ उचलावी लागत नाही, ती आपोआप टाळ्याला लागते.

त्यानंतर तिने खोली सोडली. पाळकबाईंनी तिला उपासनेच्या हॉलमागच्या खोलीत ठेवलं. ज्या मुलीसाठी ती तो धंदा करत होती ती मुलगीच उरली नव्हती, मग धंदा तरी कशाला? आम्ही ह्याला पश्चात्ताप म्हटलं. आमच्याकडे आणखी एक रीत होती, फोनमधलं सिमकार्ड सर्वांसमोर तोडायची, म्हणजे जुनी गिऱ्हाइकं कायमची तुटतात. ते मी माझ्या नखं कापायच्या कात्रीने तोडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या. बाप्तिस्मा पुढच्या रविवारी ठरला. पुण्याहून दोन पाहुणे मुद्दाम येणार होते, पांढरी साडी आणून इस्त्री करून ठेवली होती.

सोमवारी दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाई, मी तिची मुलगी बोलते. शेजारच्या काकींच्या फोनवरून. माझा फोन मामाने काढून घेतलाय." आवाज शांत होता. "तुमचं कॅलेंडर मामाने चुलीत घातलं. नंबरचा तुकडा मी आधी फाडून ठेवला होता. आईचा फोन का लागत नाही?"

मी म्हटलं, बंद आहे.

"तिला एक सांगाल? मला आठवीपासून माहीत आहे सगळं. मामालाही माहीत होतं, मामीलाही. कुणी बोलत नव्हतं म्हणून चाललं होतं. आता वाडीने ऐकलं, त्यामुळे मामालाही ऐकल्यासारखं करावं लागलं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे वाक्यात उपयोग करून मी तीस वर्षं मुलांकडून लिहून घेतलं होतं.

"मला तिचा राग नाही," मुलगी म्हणाली. "मामा खोटं बोलला असेल तिच्याशी. मी बुधवारी सकाळच्या एसटीने येते. काकींच्या जुन्या फोनमध्ये सिम घालून आणते. तिला स्टँडवर यायला सांगा. आम्ही दोघी कुठेतरी राहू. ती काय काम करते त्याचं मला काही नाही."

हे शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर बरं झालं असतं. ती काय काम करते त्याचं मला काही नाही! माझ्या कानाला ते सैतानाचं वाटलं. बुधवारी आई मुलीला भेटली की काय होणार ते मला लख्ख दिसलं. रविवारची साडी तशीच राहणार. दोघी खोली घेणार, पोटासाठी आई पुन्हा तिकडेच वळणार. सहा महिन्यांचं आमचं सगळं पाण्यात. आणि पुण्याच्या पाहुण्यांना काय सांगायचं? करायला गेलो गणपती नि झाला मारुती, ही म्हण आमच्यात चालत नाही, पण मनात आली तीच.

"सांगते," मी म्हटलं.

मी सांगितलं नाही. खोटं बोलायचं नव्हतं मला, फक्त चार दिवस थांबायचं होतं. रविवार होऊ दे, मग सोमवारी मी स्वतः तिला गाडी करून मुलीकडे घेऊन जाईन, असं मी ठरवलं, आणि त्या ठरवण्यावर शांत झोपले. त्याच संध्याकाळी मी हॉलमागच्या खोलीत गेले होते. ती चटईवर बसून प्रश्नोत्तरं पाठ करत होती, विश्वास धरतेस काय, होय धरते. मी तिचे उच्चार सुधारले.

बुधवारी मी स्टँडवर गेले. का गेले ते मला आजही धड सांगता येत नाही. समोरच्या मेडिकलमध्ये गुडघ्याचं मलम मागितलं आणि काचेच्या कपाटाआड उभी राहिले. मुलगी बाकावर बसली होती. शाळेची सॅक पाठीला, मांडीवर कापडाच्या दुकानाची पिशवी. प्रत्येक रिक्षा थांबली की उठायची, बघायची, पुन्हा बसायची. तिने मला चार वेळा फोन केला. चारही वेळा तो माझ्या पर्समध्ये थरथरला आणि समोर ती फोन कानाला लावून वाट बघत होती. मग तिने मेसेज पाठवला. 'बाई, आई निघाली का?' मी तो वाचला.

रस्ता ओलांडून जायला मला वीस पावलं लागली असती. मी काय सांगणार होते? रविवारी ये, असंही सांगता आलं असतं. पण ती म्हणाली असती, आई कुठे आहे ते सांगा, मी जाते. आणि हॉल तिथून दहा मिनिटांवर होता. एक वाजता मी घरी गेले. आमच्या ह्यांना मधुमेह आहे, जेवण वेळेवर लागतं.

रविवारी भाट्याच्या किनाऱ्यावर भल्या सकाळी, कुणी बघायला यायच्या आत बाप्तिस्मा झाला. ती पाण्याला भीत होती. पाळकसाहेबांनी तिला मागे वाकवून बुडवलं, ती ठसकत वर आली, आणि नाकातोंडातलं पाणी जायच्या आधी बोलली, "माज्या पोरीला पन सुखात ठेव रे देवा." पुण्याचे पाहुणे रडले. मी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला.  

सोमवारी मी मुलीच्या नंबरला फोन केला. बंद. मग शेजारच्या काकींना केला. त्या म्हणाल्या, ती बुधवारी सकाळी गेली ती आलीच नाही. मामा म्हणाला, आईच्या वाटेने गेली, आणि विषय मिटवला. कुणीतरी तिला त्या दुपारी मुंबईच्या गाडीत चढताना बघितलं होतं. काकींनी विचारलं, "तुमच्याकडं नाय काय आली? तुमालाच भेटायला म्हनून गेली व्हती."

मी नाही म्हटलं.

पोलिसांत जायचं मनात आलं होतं. पण शेवटचं कधी, कुठे पाहिलं हे ते आधी विचारतात. पाळकबाईंनाही मी सांगितलं नाही. त्यांनी मला क्षमा केली असती, आणि ती मला नको होती.

ह्याला दोन वर्षं झाली. मुलीचा पत्ता नाही. पाळकसाहेबांच्या ओळखीने तिची आई पुन्हा मासळीच्या कंपनीत कोळंबी सोलायला जाते, म्हणजे गावाला ती जे सांगत होती तेच आता खरं झालं आहे. बर्फाने तिची बोटं सुजतात. तरी रविवारी उपासना झाली की ती माझ्या घरी येते आणि माझे गुडघे चोळून देते. मी नको म्हणते, ती ऐकत नाही. मी तिला वाचवलं असं ती सगळ्यांना सांगते. हे मी लिहिते आहे कारण ती वाचू शकत नाही. एवढं धैर्य माझ्याकडे आहे.

परवा तेल लावता लावता ती म्हणाली, "बाई, पोरीनं माजं तोंड बघनार नाय म्हटलान, तां बरोबरच. पन येकदा आली असती तर? नुसती स्टँडवर येऊन उभी ऱ्हायली असती, तरी मी धावत गेली असती ओ. बाप्तिस्मा असूंदे नायतर काय असूंदे."

मी म्हटलं, "प्रत्येक गोष्टीला प्रभूची एक वेळ असते."

"व्हय," ती म्हणाली, आणि दुसऱ्या गुडघ्याला तेल लावायला लागली.